डावीकडून मोकळं

आमच्या ह्यांना कंपन्यांतून बोलावणी येतात. विषय एकच, रस्त्यावरचं सौजन्य. कोट चढवतात, पडद्यावर चित्रं दाखवतात आणि समोर बसलेल्या ड्रायव्हरांना सांगतात की रस्ता कुणाच्या बापाचा नसतो, दुसऱ्याला आधी जाऊ द्यावं. "आधी तुम्ही!" हे त्यांचं घोषवाक्य. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवरसुद्धा तेच चिकटवलंय. घरात सकाळी बाथरूममध्ये आधी कोण घुसतं, ते मात्र मला विचारा.

आणि हे सांगणाऱ्या माणसाचा बाप आयुष्यभर रस्त्यावरच होता, ही त्यातली गंमत. सासरे सिटी बसचे ड्रायव्हर आणि सासूबाई त्याच बसवर कंडक्टर. लग्न तिथेच जमलं. पहिल्या दिवशी तिने घंटी मारून "जाऊ दे!" अशी आरोळी ठोकली आणि सासऱ्यांनी मागे वळून बघितलं, ही कोण नवीन बया म्हणून. झालं, अडकले. सासरे काही देवमाणूस नाहीत बरं का. तोंड फाटकं, नाकावर राग, आणि दुसरा कोणी गाडी चालवायला बसला की शेजारी बसून च् च् करणार. पण स्टिअरिंग हातात आलं की तोच माणूस शहाण्यासारखा वागायचा. म्हाताऱ्यांसाठी थांबायचा, पाणी साचलं असेल तर गाडी हळू घ्यायचा, कुणाच्या अंगावर शिंतोडा म्हणून उडवायचा नाही. बाकी सगळं आयुष्य त्यांना कसंतरीच जमलं. हे एक नीट जमलं होतं.

दोघांच्या बोलण्याची एक रीत होती, ती आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. घरात सासूबाई नवऱ्याला अहो-जाहो करतात. "अहो, चहा घ्या." "जाऊ द्या हो, कशाला चिडता." पण ड्यूटीवर अरे-तुरे. भरलेल्या बसमध्ये मागून "जाऊ द्या हो" म्हणत कोण बसणार? तिथे खणखणीत "जाऊ दे!" निवृत्त झाल्यावर दोघांनी एक छोटी चॉकलेटी गाडी घेतली, तर तीतही तेच. गाडीत पाय ठेवला की बाई कंडक्टर आणि बुवा ड्रायव्हर. दार लागलं की "जाऊ दे". इंजिन बंद झालं की पुन्हा, "अहो, किल्ली घेतलीत ना?" म्हणजे "द्या" हा घरातला शब्द आणि "दे" हा गाडीतला. इतक्या वर्षांत त्यात एकदाही गल्लत झाली नव्हती.

गाडीत बाईंचं तोंड अखंड चालू. "सायकलवाला. लांब आहे. बाई आहे, कडेवर मूल आहे, थांब. कुत्रं. बसलंय, उठत नाही. डावीकडून मोकळं. जाऊ दे." नातेवाईक हसायचे. म्हणायचे, ड्रायव्हर बिचारा, घरीही ऐकतो आणि गाडीतही ऐकतो. माझ्या नवऱ्याने तर त्याचा विनोद करून भाषणात घातला होता. "शेजारी बसून सूचना देणारे प्रवासी" असं एक चित्र होतं त्यांच्याकडे, एक जाडी बाई बोट दाखवतेय असं, आणि खाली हशा पिकवायला ते म्हणायचे, "ही माझी आई नाही, पण असू शकली असती." लोक टाळ्या वाजवायचे.

मला खरं काय ते कळलं ते सासूबाईंचा घसा बसला तेव्हा. आवाजच गेला, नुसती हवा बाहेर यायची. त्या आठवड्यात सासऱ्यांनी गाडी बाहेर काढलीच नाही. आधी म्हणाले इंजिन गरम होतंय. मग म्हणाले बॅटरी. मग मी म्हटलं, "बाबा, मी मेकॅनिकला बोलावते," तर माझ्यावर खेकसले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चहाचा कप घेऊन मी मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. उभी राहिले ती राहिलेच. कप त्यांच्या कानाशी, वाफ गालावर, आणि ते समोर बघत ओरडताहेत, "चहा आणतेयस की पिकवतेयस?"

डावा डोळा गेलेला होता. पूर्ण.

मागे वळले तर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि त्या बसलेल्या घशातून फुसफुसल्या, "कुणाला बोललीस तर बघ. मी आहे ना त्यांच्या डाव्या बाजूला. आम्ही दोघं मिळून चालवतो."

"अहो आई, पण कुणी मेलं म्हणजे?"

"माझ्या बसखाली कधी कोणी मेलं नाही," त्या म्हणाल्या. माझ्या बसखाली, असं म्हणाल्या. त्यांच्या नाही.

मी गप्प बसले. का बसले ते विचारू नका, मलाही धड सांगता येत नाही. एक तर त्यांचं घर गावाबाहेर, ओळीतलं शेवटचं. ज्या दोघांनी जन्मभर बस चालवली त्यांच्या दारापर्यंत बस जात नाही. दवाखाना, बाजार, सासूबाईंची बहीण, सगळं त्या गाडीवर. आणि काम नसलं तरी रोज संध्याकाळी दोघं एक फेरी मारून यायचीच. ती किल्ली गेली असती तर ही दोन माणसं दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून एकमेकांना खात बसली असती. घरात त्यांचं पटायचं कुठे? पटायचं ते गाडीत.

पण गाडीच्या अंगावर ओरखडे येत होतेच. बाईंना शिंक आली, एक खांब. बाई पर्समध्ये चष्मा शोधत होत्या, फाटकाची कडी. डावा आरसा दोनदा फुटला. सगळ्या जखमा डाव्या कुशीला. आमचे हे एका रविवारी गाडीभोवती हात मागे बांधून फिरले, दाराच्या चेपलेल्या भागावरून बोट फिरवलं आणि आत येऊन म्हणाले, "बाबा, हे काय चाललंय?"

"गाडी आहे. ओरखडे पडतात," सासरे म्हणाले.

"फक्त डावीकडे?"

सासूबाईंचा हात चहाच्या भांड्यावर थांबला. आणि आमचे हे, रस्त्यावरचे जगद्गुरू, ह्यांनी निष्कर्ष काय काढावा? म्हणाले, "डावीकडे कोण बसतं? आई. ही बडबड करते, तुमचं लक्ष उडतं, तुम्ही तिकडे ओढले जाता. मी रोज लोकांना शिकवतो हे."

सासूबाई बिचाऱ्या हसल्या. अक्षरशः सुटल्यासारख्या हसल्या. त्यांना कुठे माहीत होतं पुढे काय येणार आहे.

पुढे आली ती परीक्षा. पुढच्या रविवारी सकाळी चौघांनी गाडीतून निघायचं. बाबा चालवतील, शेजारी मुलगा बसेल, आई मागे. आईने तोंड उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. "एक चूक, बाबा. एकच. झाली तर किल्ली माझ्या हातात. तुमच्याच भल्यासाठी बोलतोय." भल्यासाठी बोलणाऱ्या माणसांची मला फार भीती वाटते. त्यांना लाजही वाटत नाही आणि झोपही छान लागते.

घरी येताना मला म्हणाले, "गाडी काढून घेतली तर तू वापर. नाहीतरी दोन-दोन बस बदलून दातांच्या दवाखान्यात जातेस." मी तिथे रिसेप्शनला बसते. माझ्याकडे लायसन्स आहे, पण ह्यांची गाडी मला कधी मिळाली नाही, तुझ्यात संयम नाही म्हणे. आता खोटं कशाला बोलू? ती चॉकलेटी गाडी मला हवी होती. भर दुपारी स्टॉपवर उभी असताना कितीदा डोळ्यांसमोर आली होती. म्हणून मी ह्यांना खरं सांगितलं नाही, असंही नाही हं. सांगितलं असतं तर किल्ली त्याच दिवशी मिळाली असती. तेवढी चांगली मी आहे. त्याहून जास्त नाही.

शनिवारी मी सासरी गेले तर दोघांची तालीम चाललेली. सासरे स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, सासूबाई मागच्या खुर्चीवर, आणि त्या गुडघ्याने त्यांच्या पाठीत ढुशी मारताहेत. बसची घंटी आठवते ना? एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. तेच, गुडघ्याने.

"कंडक्टर, जोरात मार, मधे सीटची गादी असणारे," सासरे ओरडले.

"ड्रायव्हर, तुझी पाठ मोडेल."

"मोडू दे. एक म्हणजे?"

"थांब."

"दोन?"

"जाऊ दे."

दोघं लहान पोरांसारखी खिदळत होती. घरात, खुर्चीवर बसून, अरे-तुरे. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

रविवारी सकाळी निघालो. सासरे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. सासूबाई त्यांच्या बरोबर मागे, मी त्यांच्या शेजारी डाव्या खिडकीशी. मी पाठ सीटला घट्ट टेकून बसले, माझ्या पोटावरून त्यांना बाहेरचं दिसावं म्हणून. पुढे आमचे हे. पट्टा लावला, घसा साफ केला आणि म्हणाले, "आता समजा मी तुमच्या ओळखीचा नाही."

"ते सोपं आहे," सासरे म्हणाले आणि गाडी सुरू केली.

काय सुरेख चालवली हो! वळणावर इंडिकेटर, खड्ड्याला पाय हलका, रस्ता ओलांडणाऱ्या बाईसाठी असे थांबले की तिलाच संकोच वाटला, धावत गेली बिचारी. मागून सासूबाईंचा गुडघा. ठक. ठक ठक. डोळे माझ्या खिडकीतून बाहेर लागलेले, ओठ असे आवळलेले की पांढरे पडले होते. एकदा डावीकडून एक टेम्पो घुसला तर गुडघा इतक्या जोरात बसला की सासरे "अग्गं" म्हणाले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हणाले, कंबर. ह्यांच्या हाताची बोटं मांडीवर चुळबुळ करायला लागली. चूक सापडत नव्हती ना. शिकवणाऱ्या माणसाला चूक सापडली नाही की त्याचं पोट दुखतं.

परतीच्या वाटेवर आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे आलो. सिग्नल नाही. समोर जायचं तर आधी उजवीकडची वाहनं चुकवायची, मग मधून पुढे होऊन डावीकडची. उजवीकडे रिकामं झालं. ते सासऱ्यांना दिसत होतं. डावीकडे एक बस गेली, दोन गाड्या गेल्या, आणि त्यांच्या मागे लांबून एक स्कूटर येताना मला दिसली. सासूबाईंनाही दिसली. त्यांनी गुडघा सीटमध्ये रोवला आणि तसाच धरून ठेवला. थांब. सासरे थांबले.

"आता जा की," आमचे हे म्हणाले.

सासऱ्यांचा पाय ब्रेकवरच.

"उजवीकडे मोकळं आहे, बाबा. कशाची वाट बघताय? हे बघा, अती थांबणं हीसुद्धा चूकच आहे. मागच्याला त्रास. ही मी चूक धरणार."

"धर," सासरे म्हणाले.

"घाबरता ना? कबूल करा. आत्मविश्वास गेला तुमचा. अहो, त्यात लाज कसली?" आणि मग, कुणाला दुखवायचं कसं ते घरच्या माणसाइतकं कुणालाच कळत नाही, म्हणाले, "नाहीतरी तुम्हाला स्वतःचं स्वतः कधी जायला जमलंय? आयुष्यभर बायकोच्या घंटीवर चाललात तुम्ही."

सासऱ्यांची मान मुलाकडे वळली. मानेवरची शीर टरारली. "काय म्हणालास? परत बोल."

"खरं तेच बोललो."

"भडव्या, त्याच घंटीवर तुझं शिक्षण..."

आणि सासूबाईंना राहवलं नाही. अर्धा तास तोंड मिटून बसलेली बाई, तिने पुढे वाकून मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे."

मुलाला म्हणाली. मुलाला अरे-तुरेच करणार ना आई? जाऊ दे रे, बापाशी कशाला भांडतोस, एवढाच त्याचा अर्थ. तिचा गुडघा तेव्हाही सीटमध्ये रुतलेलाच होता. मी बघितला. गुडघा थांब म्हणत होता.

सासऱ्यांच्या पायाने विचार केला नाही. मान अजून मुलाकडे, तोंडात अर्धी शिवी, आणि पाय निघाला. क्लच सुटला, गाडी सरळ पुढे. स्कूटरचा हॉर्न वाजला, लांबलचक, कान फाटेल असा. तो सगळ्यांना ऐकू आला. मग धडाड.

स्कूटरवाली एक नर्स होती, ड्यूटी संपवून घरी निघालेली. डाव्या मडगार्डवर आपटून ती आमच्या बॉनेटवरून पलीकडे गेली. जगली. मनगटाचे दोन तुकडे आणि हनुवटीला टाके. ती फुटपाथवर बसली होती, लोंबकळणारा हात मांडीत धरून, आणि सासरे तिच्यासमोर उभे होते. रडत नव्हती. शाळेतल्या मुलीने बाईंना सांगावं तसं सांगत होती. "काका, मी हॉर्न दिला होता. दिला होता ना मी हॉर्न?"

"दिला होतास, बाळा," सासरे म्हणाले. "ऐकला मी."

आमचे हे फोनवर होते, रिक्षा थांबवत होते, गर्दी हटवत होते. तिला माणसांबरोबर हॉस्पिटलला पाठवलं आणि मग ते वडिलांकडे वळले. "हॉर्न ऐकला तुम्ही? ऐकला आणि तरी गेलात? कुणी सांगितलं तुम्हाला जायला?"

मला वाटलं आता म्हातारा सगळं अंगावर घेईल. असं असतं ना, नवरा-बायको, इतकी वर्षं. मला खरंच वाटलं. सासूबाईंनाही वाटलं असणार, कारण त्या त्यांचा हात धरायला पुढे झाल्या होत्या.

सासऱ्यांनी हात बाजूला घेतला. हातातल्या किल्लीने त्यांच्याकडे दाखवलं. "हिने."

"अहो..."

"हिने सांगितलं जाऊ दे. हॉर्न ऐकला मी. पण कंडक्टरने जाऊ दे म्हटल्यावर मी हॉर्न बघत नाही. कधीच बघितला नाही. मला त्या बाजूने दिसत नाही, हिला माहिताय दिसत नाही, दोन वर्षं हीच सांगते."



"अहो, मी ह्याला म्हटलं!" सासूबाई रस्त्याच्या मधोमध ओरडल्या. "भांडण जाऊ दे म्हटलं! तुम्हाला म्हणायचं असतं तर द्या म्हणाले असते, जाऊ द्या म्हणाले असते! तुम्हाला कधी मी दे म्हणते का?"

"गाडीत म्हणतेस," सासरे म्हणाले. "गाडीत दुसरं काय म्हणतेस?"

आता बोला! दोघंही खरं बोलत होती. इतकी वर्षं सांभाळलेला शब्द, आणि तो नेमका तिथे उलटला. मी त्यांच्या मधे गेले, म्हटलं, "बाबा, त्यांचा गुडघा लावलेला होता, मी बघितलं, त्या थांबच सांगत होत्या."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बायकोला एवढंच विचारलं, "गुडघ्याने थांब आणि तोंडाने जा? आपल्या बसमध्ये असं केलं असतंस तर तुला मी पुढच्या स्टॉपला उतरवली असती." मग किल्ली मुलाच्या हातात टाकली आणि चालत घरी निघाले. डावा खांदा एका खांबाला आपटला. थांबले नाहीत.

पुढचं जे व्हायचं ते झालं. पोलीस, डोळ्याची तपासणी, लायसन्स जमा. आमचे हे आठवडाभर घरात डोकं धरून फिरले. "दोन वर्षं! आंधळा माणूस आणि वर ही बाई त्याला साथ देते!" मलाही डोळ्याचं आधीपासून ठाऊक होतं हे त्यांना अजून माहीत नाही, आणि ह्या घरात मला राहायचंय. मग त्यांचं डोकं शांत झालं आणि चेपलेल्या मडगार्डचा फोटो भाषणात आला. "एका कुटुंबातली सत्य घटना" म्हणतात. जाड्या बाईचं चित्र आता त्याच्यानंतर दाखवतात. हशा पूर्वीपेक्षा कमी, पण टाळ्या जास्त, असं मला जेवताना अभिमानाने सांगितलं. मी ताटातून मान वर केली नाही, नाहीतर ताट फेकून मारलं असतं.

मडगार्ड ठोकून घेतलं आणि गाडी मला मिळाली.

दर शनिवारी मी सामान घेऊन त्यांच्याकडे जाते. सासरे गाडीचा आवाज ओळखतात, पण बाहेर येत नाहीत. दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, पाठीला पाठ. सासूबाईंशी ते बोलत नाहीत. माझ्यामार्फत बोलतात. "तिला सांग, चहा गार आहे." ती तिथेच उभी असते. "आई, चहा गार आहे म्हणताहेत," मी सांगते, आणि सांगताना मला स्वतःची किळस येते. पूर्वी ओरखडे गाडीच्या डाव्या बाजूला असायचे, आता त्यांच्या आहेत. चौकट, कपाटाची कड, नळ. दंड काळानिळा. पण सासूबाई "अहो, दार आहे" म्हणाल्या की ते मुद्दाम जाऊन आपटतात. आपटतात आणि म्हणतात, "बघ, दार होतं का खरंच?"

आणि त्यांनी तो शब्द टाकला. सासूबाईंनी. दोन्ही टाकले, दे पण आणि द्या पण. कुठलीही गोष्ट सोडून द्यायची वेळ आली की ओठ मिटतात आणि नुसता हात हलवतात.

मागच्या आठवड्यात दवाखान्यातून सुटून घरी निघाले होते. बाजाराच्या चौकात झेब्रा क्रॉसिंगपाशी बघते तर दोघं कडेला उभी. कुणाच्या तरी रिक्षातून बाजाराला आली असणार. सासूबाईंच्या हातात पिशवी. मी गाडी थांबवली, लाइट मारला, काचेतून हात केला, या म्हणून. उजवीकडून मीच होते. डावीकडे लांबपर्यंत चिटपाखरू नाही. काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं.

"अहो, चला," सासूबाई म्हणाल्या.

ते हलले नाहीत.

"मोकळं आहे. अहो, खरंच मोकळं आहे. डावीकडून मोकळं आहे." इकडेतिकडे बघितलं. मग इतक्या हळू म्हणाल्या की मला ओठांवरूनच कळलं. "जाऊ दे."

इतक्या दिवसांनी म्हणाल्या. मला वाटलं, आता म्हातारा विरघळणार. वाटतं मला असं दरवेळी, काय करू.

सासऱ्यांनी उजवीकडे मान वळवली. तिथे एक पार्सलवाला खोका खांद्यावर घेऊन उभा होता, कोण कुठला. त्याला म्हणाले, "साहेब, जरा सांगता का, डावीकडून काही येतंय?"

पार्सलवाल्याने चमकून पाहिलं. "अहो काका, त्या सांगताहेत ना तुमच्या शेजारी. मोकळं आहे म्हणून."

"त्यांना नका विचारू," सासरे म्हणाले. "त्यांच्या सांगण्यावरून एका पोरीचा हात मोडला. तुम्ही सांगा."

तो बिचारा ओशाळला. "येत नाही काही," म्हणाला आणि त्याने त्यांच्या कोपराला हात लावला. सासरे त्याच्याबरोबर निघाले, माझ्या गाडीच्या नाकासमोरून, ताठ मानेने, एका अनोळखी माणसाच्या हाताला धरून. पलीकडे पोचल्यावर त्याचे वाकून आभार मानले. माझ्या सासऱ्यांनी असे आभार घरात कुणाचे कधी मानले नव्हते.

सासूबाई अलीकडेच राहिल्या. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या. मी पुन्हा लाइट मारला. पुन्हा हात केला. आई, या ना, मी थांबलेय. त्यांनी गाडी ओळखली. काचेकडे, माझ्याकडे बघत राहिल्या, पण पाय उचलेना. माझ्यामागे एक, मग दोन, मग चार हॉर्न लागले. मागच्या गाडीतून एकाने अर्धं अंग बाहेर काढलं आणि बोंब ठोकली, "ओ बाई! झोपलात काय? जाऊ द्या की!"

तो शब्द कानावर पडला आणि सासूबाई दचकून एक पाऊल मागे सरकल्या, भिंतीला टेकल्या. पलीकडे सासरे पाठमोरे चालत होते. हॉर्न थांबेनात. मी गियर टाकला आणि गाडी जाऊ दिली.